रविवारी सुट्टी घेणारं मैदान

मुलांनो, रविवारी शाळेला सुट्टी असते, बँकेला असते, पोस्टालाही असते. पण रविवारी मैदानाला सुट्टी असते असं तुम्ही कधी ऐकलंय का? आपल्याकडे तर उलटीच गंमत! रविवार उजाडला की मैदानावर पाय ठेवायला जागा नसते. एकाच वेळी सात-आठ ठिकाणी क्रिकेट चालू. एका मॅचचा फिल्डर दुसऱ्या मॅचच्या विकेटकीपरशेजारी उभा!

पण जगात असं एक मैदान खरोखरच आहे. ते सोमवार ते शनिवार राबतं आणि रविवारी विश्रांती घेतं. काही मोठ्या स्पर्धांचे दिवस सोडले, तर त्या दिवशी तिथं खेळ बंद. मग गावातले आजी-आजोबा तिथल्या हिरवळीवर फेरफटका मारतात, कुणी कुत्र्याला फिरवतं, कुणी बाळाची गाडी ढकलत येतं. बरं, हे मैदान साधंसुधं नाही हं! जगभरचे गोल्फ खेळणारे ज्याला पंढरी मानतात, ते हे मैदान. गावाचं नाव सेंट अँड्र्यूज. देश स्कॉटलंड. मैदानाचं नाव ओल्ड कोर्स, म्हणजे जुनं मैदान.

गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? उंच कुंपण, गेटवर पहारेकरी आणि ‘सभासदांखेरीज प्रवेश नाही’ अशी पाटी. आपल्या देशात गोल्फची बरीचशी मैदानं क्लबांची, नाहीतर लष्कराची. त्यामुळे हा खेळ आपण बहुतेक वेळा कुंपणाबाहेरूनच पाहतो. पण सेंट अँड्र्यूजचं हे मैदान कुणा एका क्लबचं नाही. ते सार्वजनिक आहे. आणि ते सार्वजनिक राहिलं, ते आपोआप नाही. गावानं ते भांडून राखलं. आज तीच गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे.

आधी खेळ समजून घेऊ

विटीदांडू खेळताना आपण जमिनीत एक छोटी गल खणतो, हो ना? गोल्फमध्येही जमिनीत खळगा असतो. त्याला म्हणतात ‘होल’. तो गोल असतो, १०.८ सेंटिमीटर रुंद. एका वाटीएवढाच म्हणा ना! चेंडू ४६ ग्रॅमपेक्षाही हलका. लांब दांड्याच्या काठीनं तो टोलवत टोलवत त्या होलमध्ये घालायचा. एवढाच खेळ! पण चेंडू जिथून मारायचा ती जागा होलपासून कधी दीडशे मीटर लांब असते, तर कधी पाचशे मीटर. वाटेत उंच गवत असतं, ओढा असतो आणि वाळूचे खड्डे असतात. या खड्ड्यांना म्हणतात ‘बंकर’. होलच्या भोवती गालिच्यासारखं बारीक कापलेलं गवत असतं, ते ‘ग्रीन’. सुरुवातीच्या जागेपासून खळग्यापर्यंतच्या सगळ्या पट्ट्यालाही ‘होल’च म्हणतात. असे अठरा होल एकामागून एक खेळायचे. सगळ्यांत कमी टोल्यांत जो खेळ संपवतो तो जिंकतो. म्हणजे इथं कमी मार्क मिळवणारा पहिला बरं का!

पण अठराच का? वीस का नाहीत? याचं उत्तर ओल्ड कोर्सवरच आहे. पूर्वी इथं गावापासून सुरुवात करून खाडीच्या दिशेनं खेळत जायचे आणि त्याच वाटेनं, तेच होल उलटे खेळत परत यायचे. अशी एकूण बावीस होलांची फेरी व्हायची. १७६४ साली गावाजवळचे काही होल फार छोटे वाटले, म्हणून चार होलांचे दोन केले. ते जाताना दोन कमी झाले आणि येतानाही दोन कमी झाले. बावीसातून चार गेले, राहिले अठरा! पुढे सगळ्या जगानं हाच आकडा उचलला.

सशांची लढाई

समुद्रकाठची ही जमीन वाळूची. शेती पिकायची नाही. म्हणून गावकरी तिथं गुरं चारायचे, कपडे वाळत घालायचे, फुटबॉल खेळायचे आणि गोल्फही खेळायचे. या खेळाचं वेड एवढं, की १४५७ साली स्कॉटलंडच्या राजानं गोल्फ आणि फुटबॉल या दोन्हींवर बंदी घातली होती. कारण काय, तर तरुण मुलं धनुष्यबाणाचा सराव सोडून हेच खेळत बसतात! मोठ्या माणसांची ही तक्रार किती जुनी आहे पाहा!

१५५२ साली तिथले आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी एक सनद काढली. त्यांना या जमिनीवर ससे पाळायचे होते. पण तिथं गोल्फ खेळण्याचा, गुरं चारण्याचा गावकऱ्यांचा हक्क त्यांनी त्या सनदेत मान्य केला. हा कागद गावानं जपून ठेवला.

पुढे १७९७ मध्ये गावची नगरपालिका कर्जात बुडाली आणि तिनं ही जमीन विकून टाकली. नंतर तिथं सशांचा धंदा सुरू झाला. ससे पाळायचे आणि विकायचे. आता ससा दिसायला कितीही गोड असला, तरी तो जमीन पोखरतो. थोड्याच काळात मैदानभर बिळंच बिळं! खेळायचं कुठं? गावकरी चिडले. कुणी ससे मारले, कुणी कोर्टात गेले. ही भांडणं वीस वर्षांहून जास्त चालली. स्कॉटलंडच्या इतिहासात त्यांना ‘सशांची लढाई’ असंच म्हणतात.

शेवटी १८२१ मध्ये जेम्स चीप नावाच्या शेजारच्या जमीनदारानं ही जमीन विकत घेतली. तो स्वतः गोल्फ खेळायचा. ससे गेले, खेळ वाचला. पण जमीन अजून एका माणसाच्याच नावावर होती. तो भला होता म्हणून ठीक. उद्या दुसरा मालक आला तर? ती काळजी संपायला १८९४ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी ब्रिटिश संसदेत खास कायदा झाला आणि जमीन पुन्हा गावाची झाली. १९७४ मध्ये आणखी एक कायदा झाला आणि मैदान सांभाळण्याचं काम एका सार्वजनिक विश्वस्त संस्थेकडे आलं.

पहिल्या होलच्या मागे एक भारदस्त दगडी इमारत आहे. ती ‘रॉयल अँड एन्शंट’ या जगप्रसिद्ध क्लबची. टीव्हीवर ती पाहून पुष्कळांना वाटतं, मैदान याच क्लबचं. पण तसं नाही. इमारत क्लबची, मैदान लोकांचं!

चला, मैदानात फिरू

तुमच्या शाळेत जसा कुणाला पिंपळाखालचा कट्टा आवडतो आणि कुणाला मागची भिंत, तसंच इथंही आहे. ज्याचा त्याचा एक लाडका होल ठरलेला असतो.

पहिला होल आणि अठरावा होल शेजारीशेजारी आहेत. दोघांत मिळून एकच मोठं पटांगण, जवळजवळ १२० मीटर रुंद. आणि त्या पटांगणाच्या मधून चक्क एक रस्ता जातो! नाव ‘ग्रॅनी क्लार्क्स वाइंड’, म्हणजे क्लार्क आजीची गल्ली. समुद्रावर निघालेली माणसं या रस्त्यानं मैदान ओलांडतात. तेवढा वेळ खेळणारा थांबतो. कितीही मोठा खेळाडू असो, आधी रस्ता मोकळा होऊ द्यायचा, मग टोला!

अकराव्या होलची गोष्ट एका मुलाची आहे. मुलगाच म्हणायचा, कारण तेव्हा तो १९ वर्षांचा होता. बॉबी जोन्स, अमेरिकेचा. १९२१ साली तो ‘ओपन’ ही मोठी स्पर्धा खेळायला इथं आला. वाऱ्यानं त्याला पुरतं हैराण केलं. अकराव्या होलवर त्याचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात पडला आणि काही केल्या निघेना. जोन्सचा राग अनावर झाला. त्यानं स्पर्धा अर्ध्यातच सोडली. या गोष्टीची त्याला पुढे फार लाज वाटली.

पण तो तिथंच थांबला नाही. राग कसा आवरायचा, हे तो शिकला. १९२५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या स्पर्धेत चेंडूमागे काठी टेकवताना त्याचा चेंडू हलला. अगदी किंचित! कुणीही पाहिलं नव्हतं. पण जोन्सनं स्वतःहून सांगितलं आणि आपल्या नावावर एक टोला वाढवून घेतला. त्या एका टोल्यामुळे सामना बरोबरीत सुटला आणि पुन्हा झालेल्या सामन्यात तो हरला. लोकांनी कौतुक केलं, तेव्हा त्याला नवलच वाटलं. खरं बोलण्यात कौतुक कसलं, असं त्याचं म्हणणं!

१९२७ मध्ये तो सेंट अँड्र्यूजला परत आला आणि तीच ‘ओपन’ स्पर्धा जिंकला. जो मैदान सोडून गेला होता, त्याला गावानं खांद्यावर उचलून घेतलं. जोन्स हौशी खेळाडू होता. म्हणजे तो बक्षिसाच्या पैशासाठी खेळत नसे. पोटासाठी तो वकिली करायचा. तरी १९३० मध्ये त्यानं एकाच वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. १९५८ साली गावानं त्याला आपलं मानद नागरिकत्व दिलं. तेव्हा तो आजारानं खंगला होता, काठीच्या आधारानं चालत होता. या मानाबरोबर त्याला काही जुने, गमतीचे हक्कही मिळाले. इथं ससे पकडायचा आणि पहिल्या नि शेवटच्या होलवर कपडे वाळत घालायचा! त्या जुन्या सनदेची आठवण झाली ना?

चौदाव्या होलवर आहे ‘हेल बंकर’. हेल म्हणजे नरक! ओल्ड कोर्सवर ११२ बंकर आहेत. त्यांत हा सगळ्यांत बदनाम. आत उतरलेला माणूस लांबून दिसतही नाही, एवढा खोल. जॅक निकलॉस हा गोल्फच्या इतिहासातला फार मोठा खेळाडू. याच मैदानावर त्यानं १९७० आणि १९७८ साली ‘ओपन’ जिंकली होती. पण १९९५ मध्ये त्याचा चेंडू या नरकात पडला. बाहेर काढायला चार टोले लागले. पाच टोल्यांच्या होलला त्यानं घेतले दहा! म्हणून सांगते, गणिताच्या एका पेपरात कमी मार्क पडले तर लगेच तोंड पाडून बसू नका.

सतरावा होल म्हणजे ‘रोड होल’. जगातल्या सगळ्यांत अवघड होलांपैकी एक. इथं पूर्वी रेल्वेच्या शेड होत्या. पहिला टोला त्या शेडवरून मारायचा. आता रेल्वे नाही, पण शेडचा आकार मुद्दाम तसाच ठेवलाय. ग्रीनच्या पुढे एक खोल बंकर आणि मागे रस्ता. रस्त्याच्या पलीकडे दगडी भिंत. चेंडू रस्त्यावर गेला, तर रस्त्यावरूनच मारायचा. गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या तुम्हाला हा नियम अगदी ओळखीचा वाटेल! १९७८ मध्ये जपानच्या टॉमी नाकाजिमाचा चेंडू ग्रीनवर आला होता. त्यानं तो हळूच ढकलला, तर तो घरंगळत थेट बंकरात! बाहेर काढायला चार टोले लागले आणि त्या होलवर एकूण नऊ झाले. २०१० मध्ये स्पेनच्या मिगेल आंखेल हिमेनेसचा चेंडू भिंतीला चिकटून पडला. काठी फिरवायलाही जागा नव्हती. मग त्यानं काय केलं? चेंडू जोरात भिंतीवरच मारला! तो उसळून त्याच्या डोक्यावरून मागे ग्रीनकडे गेला. कॅरम खेळणाऱ्यांना ही युक्ती कळली असेल!

अठराव्या होलकडे जाताना एका छोट्या दगडी पुलावरून ओढा ओलांडावा लागतो. तो ‘स्विल्कन पूल’. सुमारे सातशे वर्षांचा जुना मानतात. मेंढपाळांनी मेंढ्या नेण्यासाठी तो बांधला म्हणे. आज मोठमोठे खेळाडू याच पुलावर उभं राहून लोकांचा निरोप घेतात. याच होलवर १९७० मध्ये डग सँडर्सला ‘ओपन’ जिंकायला मीटरभर अंतरावरून चेंडू ढकलायचा होता. तो चुकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सामना झाला आणि निकलॉस जिंकला. हात-दोन हातांचं अंतर, पण ते जन्मभर त्याच्या लक्षात राहिलं.

या अठराव्या होलला नाव दिलंय टॉम मॉरिसचं. तो इथला मैदान सांभाळणारा, स्वतः उत्तम खेळाडू. १९०८ मध्ये तो वारला. माणसांना नको असली तरी मैदानाला रविवारची विश्रांती हवीच, असं तो म्हणायचा असं सांगतात. पायांनी तुडवलेल्या गवतालाही दम खायला वेळ लागतो, हे त्याला ठाऊक होतं.

हिमालय स्कॉटलंडमध्ये!

आता मुलींसाठी एक गोष्ट. मुलांनीही वाचायला हरकत नाही! त्या काळी बायकांनी हात खांद्यावर उचलून काठी फिरवणं बरं दिसत नाही, असं मानत. मग बायकांनी काय करावं? त्यांनी १८६७ मध्ये आपलाच क्लब काढला. खेळ फक्त हळूच चेंडू ढकलण्याचा. पण जागा निवडली चढउतारांची, उंचवट्यांची. चेंडू कुठं ढकलावा आणि कुठं जाईल, काही भरवसा नाही! म्हणून तिचं नाव पडलं ‘हिमालय’. हा क्लब आजही चालू आहे आणि थोडे पैसे देऊन तिथं कुणीही, अगदी लहान मुलंही, खेळू शकतात.

शेजारच्या त्या मोठ्या रॉयल अँड एन्शंट क्लबनं बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवलं ते २०१४ साली. बायकांनी आपली जागा करून घेतल्यावर तब्बल १४७ वर्षांनी!

गवंडी, सुतार आणि शिंपी

इथं खेळतं कोण? फक्त चॅम्पियन? छे! १८४३ साली गावातल्या गवंडी, सुतार, शिंपी अशा कारागिरांनी मिळून आपला क्लब काढला. तो आजही आहे. दिवसभराचं काम आटोपून खेळायला येणारी अशी हौशी माणसं हाच या मैदानाचा खरा जीव.

हौशी खेळाची एक छान रीत आहे, ‘हँडिकॅप’. आपण खेळात धाकट्या भावाला लिंबू-टिंबू करतो, म्हणजे तो आऊट झाला तरी चालतं. इथं तसं नाही. इथं कच्च्या खेळाडूला त्याच्या कुवतीप्रमाणे मोजून सवलत देतात. समजा, एकाचा हँडिकॅप १८ आहे. मग त्याच्या एकूण टोल्यांतून १८ वजा करायचे. त्यामुळे आजोबा आणि नातू, शिकाऊ आणि तरबेज, सगळे बरोबरीनं खेळू शकतात आणि कुणीही जिंकू शकतो. हरणाऱ्याला दया नको आणि जिंकणाऱ्याला गर्व नको!

आज गावाभोवती अशी सात मैदानं आहेत. त्यांतलं नऊ होलांचं एक खास मुलांसाठी आणि शिकाऊंसाठी आहे. गावात राहणाऱ्यांना वर्षाचा पास मिळतो. बाहेरून येणाऱ्यांना मात्र ओल्ड कोर्सवर एका फेरीचे हंगामात तीनशेहून जास्त पौंड मोजावे लागतात. सार्वजनिक म्हणजे स्वस्त, असं दर वेळी नसतं, हेही खरं. पण तिथं खेळायला कुणा क्लबचा सभासद असावं लागत नाही. नाव द्यायचं आणि चिठ्ठ्या टाकून नंबर लागतो. चिठ्ठी काही माणसाचा हुद्दा विचारत नाही!

जाता जाता

आता एक कोडं. ओल्ड कोर्सवर सात ग्रीन जोडग्रीन आहेत. म्हणजे एकाच ग्रीनवर दोन खळगे, एक जातानाचा आणि एक येतानाचा. पहिला, नववा, सतरावा आणि अठरावा हे चार एकेकटे. दुसऱ्याचा जोडीदार सोळावा, तिसऱ्याचा पंधरावा. उरलेल्या पाच जोड्या तुम्ही शोधा. काही गंमत दिसते का? (नाही सापडली, तर प्रत्येक जोडीची बेरीज करून बघा!)

आणि एक काम. तुम्ही रोज जिथं खेळता ते मैदान कुणाचं आहे, हे घरी आई-बाबांना विचारा. नगरपालिकेचं? ग्रामपंचायतीचं? शाळेचं? की कुणाचा मोकळा पडलेला प्लॉट? पूर्वी तिथं काय होतं? त्याचा काही कागद आहे का? आई-बाबांनो, उत्तर माहीत नसेल, तर मुलांबरोबर तुम्हीही शोधा. जमीन मोकळी दिसली की तिच्यावर कुणाची ना कुणाची नजर असतेच. कधी सशांची, कधी माणसांची. सेंट अँड्र्यूजच्या लोकांकडे एक जुना कागद होता आणि तो वाचून, दाखवून, भांडून आपला हक्क सांगणारी माणसं होती. म्हणून जवळजवळ पावणेपाचशे वर्षांनंतरही तिथं रविवारी कुणीतरी आजोबा कुत्र्याला घेऊन निवांत फिरतात.

या रविवारी तुम्ही मैदानावर जाल, तेव्हा खेळ संपल्यावर खाऊचे कागद तेवढे उचलून आणा. राखण्याची सुरुवात तिथूनच होते.